शेजाऱ्यावरचा संशय किती भाग ताणायचा?

प्रश्न

एका जुन्या खून प्रकरणावर मी चार भागांची ध्वनिमालिका लिहीत आहे. मृत स्त्रीच्या शेजाऱ्याची पोलिसांनी दोनदा चौकशी केली होती. तिसऱ्या दिवशी, त्या रात्री तो कामावर असल्याची नोंद सापडली आणि त्याच्यावरचा संशय दूर झाला. माझ्या संहितेत पहिला भाग, प्रश्न अर्धवट ऐकून तो दार लावून घेतो, या प्रसंगावर संपतो आणि त्याचे निर्दोषत्व थेट तिसऱ्या भागात उघड होते. यातले एकही वाक्य खोटे नाही, क्रम तेवढा माझा आहे. मात्र आठवड्याला एक भाग याप्रमाणे दोन आठवडे श्रोते त्यालाच खुनी समजतील, आणि तो माणूस आजही हयात आहे. नाव बदलले तर पुरेसे होईल का?

प्रतिसाद १

नाही. गल्ली, व्यवसाय आणि साल सांगितले की ओळखणारे ओळखतातच. १९९९ मधील एका खुनावरचे ‘सीरियल’ हे पॉडकास्ट २०१४ मध्ये आठवड्याला एक भाग असे आले, तेव्हा पुढच्या भागाची वाट न पाहता श्रोत्यांनी स्वतःच तपास सुरू केला आणि प्रकरणातल्या खऱ्या माणसांचा इंटरनेटवर माग काढला. तुमचा श्रोताही रिकामे सहा दिवस स्वस्थ बसणार नाही.

प्रतिसाद २

उत्कंठा निर्माण करणेच चूक आहे, असे मात्र मला वाटत नाही. तपास अधिकाऱ्याला पहिल्या दिवशी जे ठाऊक नव्हते, ते श्रोत्यालाही त्या क्षणी ठाऊक नसणे हे प्रामाणिक कथन आहे. पण अधिकाऱ्याचा संशय तीन दिवसांत फिटला, तुम्ही तो दोन आठवडे जिवंत ठेवणार आहात. ही जास्तीची मुदत तपासातून आलेली नाही, ती प्रसारणाच्या वेळापत्रकातून आली आहे. ट्रुमन कपोटी यांचे ‘इन कोल्ड ब्लड’ हे १९५९ मधील चार खुनांवरचे पुस्तक पूर्णपणे सत्य असल्याचा दावा होता, तरी त्यातला दफनभूमीतला शेवटचा प्रसंग घडलेलाच नव्हता. तिथे लेखकाला सुंदर शेवट हवा होता, इथे तुम्हाला भागाचा शेवट हवा आहे. तुम्ही काहीही रचलेले नाही, हा फरक मोठा आहे, हे मी मान्य करतो. पण मोह त्याच जातीचा आहे.

प्रतिसाद ३

माझ्या जवळच्या नात्यातील व्यक्तीच्या खुनावर एक कार्यक्रम झाला होता. त्याची सुरुवात जमिनीवर पडलेल्या तिच्या चष्म्याच्या वर्णनाने होती, आणि तो चष्मा घरातल्या कोणी तोवर पाहिलेलाही नव्हता, कारण तो पुराव्यात जमा होता. प्रसारणापूर्वी आम्हाला कोणी एक फोनही केला नाही. शेजाऱ्याचा विचार तुम्ही करत आहात, हे चांगलेच आहे. पण त्या स्त्रीच्या घरच्यांना काय काय ऐकावे लागणार आहे, हे त्यांना आधी सांगितले आहे का?

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सांगितलेले नाही, आणि ते माझ्या यादीतही नव्हते. या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवत आहे. दार लावण्याचा प्रसंग ठेवला आहे, पण कामावरच्या हजेरीची नोंद आता त्यानंतर लगेच, त्याच भागात येते. भागाचा शेवट अजून सुचलेला नाही, म्हणून प्रसारण पुढे ढकलले आहे.