सात सीटर जुनी घेणाऱ्यांना अक्कल नसते म्हणे!

कोलशेतकर

काल एका सज्जनांनी इथे मुक्ताफळं उधळली : "वर्षातून दोनदा कोकणात जायचं म्हणून लोक जुनी इनोव्हा नाहीतर एर्टिगा उचलतात आणि उरलेलं वर्ष सोसायटीचा रस्ता अडवून बसतात. थोडी अक्कल असेल तर छोटी गाडी ठेवा आणि गणपतीला भाड्याची करा." खाली टाळ्यांचा पाऊस. प्रतिसाद लिहायला बसलो तर लांबला, म्हणून वेगळा धागा.

महाशय, तुमच्या घरात माणसं किती? आमच्याकडे आई-बाबा, आम्ही दोघं, दोन पोरं आणि आत्या. आत्या आमच्याकडेच असते आणि तिला घरी ठेवून फिरायला जायची आमच्यात पद्धत नाही. ही सात डोकी फक्त गणपतीलाच घराबाहेर पडतात असं वाटतं का तुम्हाला? नेरूळला बहिणीकडे, बाबांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, टिटवाळ्याला, कोणाच्या ना कोणाच्या मुंजीला. घोडबंदर रोडवर संध्याकाळी दोन रिक्षा मिळवून दाखवा. एक मिळते, दुसरा कापूरबावडीचं नाव काढताच मान फिरवतो. मोबाइलवरून मोठी टॅक्सी बोलवावी तर तिच्यात बसणार सहा. सातवा कोण, यावर घरात महाभारत.

आणि गणपतीला भाड्याची गाडी? चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात फोन फिरवून बघा. दर चढलेले, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, रात्रीचा वेगळा, आणि गावी पोचलो रे पोचलो की त्याला परतायची घाई, कारण पुढचं भाडं घेऊन ठेवलेलं. गौरी जाईपर्यंत थांबणारा ड्रायव्हर मला अजून भेटायचाय.

नवी का नाही, हेही कोणीतरी विचारणारच. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी १८ टक्क्यांवर आला तो चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचा. एर्टिगा चार मीटरहून लांब, म्हणजे थेट ४० टक्क्यांच्या रांगेत. रेनोची छोटी सात सीटर ट्रायबर १८ मध्ये बसते, मान्य. पण एक लिटरचं इंजिन, सात माणसं, वर आंब्याच्या पेट्या आणि समोर कुंभार्ली घाट, हे गणित मला झेपत नाही. म्हणून वापरलेली. २०१८ च्या अखेरीस आलेली दुसऱ्या पिढीची एर्टिगा, पेट्रोल. आधीच्या मॉडेलपेक्षा तिची मागची रांग जरा माणसांची आहे. यात अक्कल कुठे कमी पडली ते सांगा.

खारघर_टेकडी

"एका सज्जनांनी" म्हणजे मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

रोज सात माणसं असतील तर तुमची गोष्ट वेगळी. माझ्या इमारतीत सात सीटरमधून एक माणूस आणि एक लॅपटॉप रोज बीकेसीला जातात. २०२४ च्या ऑक्टोबरात वाशी-ऐरोलीचा टोल छोट्या गाड्यांना माफ झाल्यापासून तर साहेबांना ट्रेन आठवतच नाही. माझा राग त्यांच्यावर आहे.

पण जुनी सात सीटर घेण्यातली खरी मेख तुम्ही लिहिलीच नाहीत. जुन्या छोट्या गाडीचा मागचा मालक एखादा शाळामास्तर निघू शकतो. सात सीटर मात्र भाड्यावर पळालेली निघण्याचीच भीती जास्त. विमानतळाच्या फेऱ्या मारून झाल्या की परमिट रद्द करायचं, पांढरी पाटी लावायची, मीटर मागे घ्यायचा, आणि जाहिरात "डॉक्टर मालक, फक्त वीकेंडला वापर". डॅशबोर्डखाली हात घालून बघा, ट्रॅकर आणि पॅनिक बटण काढल्याची भोकं लागतात का. क्लचच्या पेडलचं रबर बघा. मीटर चाळीस हजार सांगतोय आणि पेडल गुळगुळीत असेल तर नमस्कार करून निघा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. कमी पळालेल्या म्हणवणाऱ्या गाडीला इतक्यात चार नवे टायर का लागले, हे मालकाला विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

शिवाय पाणी. २०१९ ला बदलापूर बुडालं, २०२१ ला चिपळूण आणि महाड. तिथल्या सगळ्याच गाड्या भंगारात गेल्या असं समजू नका. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. आतल्या टोकाला मातीची रेघ दिसली की व्यवहार संपला. एवढं सगळं तपासायला किती जणांना वेळ आहे? म्हणून म्हणतो, भाड्याची करा.

नौपाड्याची_काकू

टायर-पेडल सगळं ठीक आहे, पण कागदांचं काय? आमच्या ह्यांनी अशीच एक इनोव्हा पसंत केली. गाडी खणखणीत, मेकॅनिकनेही मान डोलावली. टोकन दिलं, गाडी घरी आली, पेढे वाटून झाले. मग कळलं की आरसीवर बँकेचा बोजा तसाच! विकणारा एजंट म्हणाला, "काकी, आठ दिवसांत एनओसी आणून देतो." पावसाळा गेला, दिवाळी गेली, एनओसी काही येईना. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झालेल्या, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ बँकेच्या शिक्क्याशिवाय चालत नाही आणि बोजा उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. वर जुन्या मालकाची ई-चलानं निघाली ती वेगळीच. शेवटी माझ्या भावाने एजंटच्या दुकानात ठिय्या दिला तेव्हा कुठे हलले लोक.

आणि विकणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव त्यालाच मालक धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तेच सांगितलंय.

दिवा_जंक्शन

काकू, एवढा ताप कशाला? दिल्लीची डिझेल इनोव्हा आणा. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार, त्यामुळे स्वस्तात सोडतात.

कोलशेतकर

आणा ना, जरूर आणा. तिकडची एनओसी, इकडे पुन्हा कर, एमएच क्रमांकासाठी आरटीओचे हेलपाटे, आणि हे सगळं केल्यावर जेवढे पैसे वाचतील तेवढ्यात टिटवाळ्याला जाऊन या. रिक्षाने.

सेक्रेटरी_वर्तकनगर

गाडी कुठली घ्यायची यावर पानंच्या पानं लिहिताय. ती लावणार कुठे, हे एकानेही लिहिलेलं नाही! मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, त्यामुळे रोज शिव्या खायचा मान माझा. आमच्याकडे बिल्डरने स्टॅक पार्किंग दिलंय, एकावर एक गाड्या लावायचं. सेडानच्या हिशोबाने. इनोव्हा क्रिस्टाची उंची १,७९५ मिलिमीटर, खालच्या पाळण्यात ती जातच नाही. एर्टिगा १,६९० ची, ती जाते, पण वरचं कॅरियर काढलं तर. कोण काढतं? मग गाडी पाहुण्यांच्या जागेत, पाहुण्यांची गाडी गेटबाहेर, आणि टोइंगवाल्याने उचलली की फोन मला. गाडी घेण्याआधी टेप घेऊन पार्किंगमध्ये उतरावं, एवढीही बुद्धी लोकांना होत नाही.

मानपाडा_३बीएचके

सेक्रेटरी साहेब, दोष आमचा नाही, बिल्डरचा आणि त्याच्यापुढे मान डोलावणाऱ्या कमिटीचा आहे. खुली आणि स्टिल्टखालची जागा बिल्डरला फ्लॅटसारखी सुटी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय, आणि तो खटला होता आपल्या शेजारच्या दहिसरचा! तरी आम्ही पार्किंगचे लाखो मोजले. वर माझ्या जागेत मधोमध खांब.

सेक्रेटरी_वर्तकनगर

पैसे मोजताना निकाल वाचला नव्हता का? आता कमिटीच्या नावाने शंख. तुमच्यासारखाच एकजण आमच्याकडे आहे. दोन गाड्या, जागा एक, आणि सभेत आवाज सगळ्यात मोठा.

मानपाडा_३बीएचके

सेक्रेटरी झालात म्हणजे कलेक्टर झाला नाहीत. तुमच्या कमिटीने पाहुण्यांच्या जागा वार्षिक भाड्याने कोणाला दिल्या ते लिहू का इथे?

सेक्रेटरी_वर्तकनगर

लिहा! ठराव सर्वसाधारण सभेत झालाय. सभेला आलं असतं माणूस, तर कळलं असतं.

ऐरोली_नाका

अरे, दोघं एकाच सोसायटीत राहता की काय?

पार्किंगवर चाललंच आहे तर सांगतो. २०२४ च्या एप्रिलात महारेराने, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, बिल्डरांना बंदिस्त पार्किंगची लांबी, रुंदी, उंची करारातच लिहायला लावलं. नव्या घरवाल्यांनी ते पान वाचावं. जुन्यांनी टेप आणावी. आणि आपले परिवहनमंत्री, ओवळा-माजिवड्याचेच आमदार, २०२५ च्या मे महिन्यात म्हणाले की पार्किंगचा दाखला नसेल तर नवी गाडी नोंदवायची नाही. तसं झालंच तर लोक जुन्या गाड्यांवरच तुटून पडतील.

नौपाड्याची_काकू

आमच्या वाड्यात पार्किंगच नव्हतं आणि भांडणंही नव्हती. आता वाड्याच्या जागी टॉवर झालाय, दोन्ही मिळालं.

खारघर_टेकडी

काकूंना दंडवत. मूळ विषयाकडे येतो. कोलशेतकर, तुमची आत्या, बाबांचे डोळे आणि कुंभार्ली घाट ऐकून माझं मन द्रवलं, घ्या एर्टिगा. परवानगी दिली. मात्र डीलरऐवजी घरच्या मालकाकडून घ्या. डीलरला त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो काय स्वतःच्या खिशातून भरणार आहे? घरचा माणूस घरच्या माणसाला विकतो तिथे हा कर नाही. सीएनजीचा विचार असेल तर कंपनीची बघा. बाहेरून बसवलेलं किट असेल तर ते आरसीवर चढलंय का आणि सिलिंडरची तपासणी कधी झाली ते बघा, ती तीन वर्षांनी करावी लागते. आणि सीएनजी घेतलीत तर सात जणांच्या बॅगा मांडीवर.

कोलशेतकर

परवानगीबद्दल आभारी आहे. ती नसती तर आम्ही घेतलीच नसती. पेट्रोलच बघतोय हे वर लिहिलंय, न वाचता सल्ला द्यायची तुमची हातोटी वाखाणण्यासारखी. घरच्या मालकाचा मुद्दा मात्र बरोबर आहे. हे लिहिताना दात-ओठ खातोय, पण बरोबर आहे.

अजून एक. गाडी बघायला जाताना सगळ्यात वयस्कर माणसाला न्या आणि तिसऱ्या रांगेत बसवा, एसी लावून, मधल्या रांगेत पोरं भरून. आत्या एका गाडीत बसली, उतरली आणि म्हणाली, "मी बसने येत जाईन." मालकाशी पुढे बोलावंच लागलं नाही.

सेक्रेटरी_वर्तकनगर

आणि उंची?

कोलशेतकर

आत्याची?

सानपाडा_सेव्हन

नमस्कार मंडळी. चर्चा छान चालली आहे. माझी २०१९ ची एर्टिगा पेट्रोल द्यायची आहे. सिंगल ओनर, घरगुती वापर, सगळे सर्व्हिस रेकॉर्ड कंपनीचे. वरचं कॅरियर काढलेलं आहे.

खारघर_टेकडी

टायरवरचे चार आकडे टाका. पाचही टायरचे, स्टेपनी धरून.

नौपाड्याची_काकू

ते नंतर. आरसीवर बँकेचं नाव आहे का हो?

सानपाडा_सेव्हन

शेवटचे थोडे हप्ते आहेत काकू. आठ दिवसांत एनओसी आणून देतो.