यंत्र कायम पुढेच राहणार असेल, तर मुलानं डोकं का लावायचं?

गोदाकाठ (नाशिक):
मुलगा अकरावीत आहे. लहानपणापासून बुद्धिबळ खेळतो, जिल्हा पातळीवर बक्षिसंही आहेत. आता म्हणतो, क्लास बंद करतो. "बाबा, फोनमधलं फुकटचं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारं सॉफ्टवेअर, कार्लसनसारख्या अव्वल खेळाडूला हरवतं. मग मी कशाला घासत बसू? आणि हे बुद्धिबळापुरतं थोडंच आहे, उद्या सगळ्याच कामांत हेच होणार." मला उत्तर देता आलं नाही. खरंच यंत्रं आपली जागा घेणार का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

उंटाची_तिरकी (सांगली):
मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो, त्यामुळे पटापुरतं खात्रीनं बोलतो.

मुलाचं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे, ते नाकारू नका. हा निकाल 11 मे 1997 लाच लागला. न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या संगणकासमोर तेव्हाचा जगज्जेता कास्पारॉव्हनं सहावा डाव 19 चालींत सोडला आणि सामना साडेतीन-अडीच असा गमावला. ते यंत्र सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासायचं. 2017 मध्ये आलेल्या अल्फाझीरो या प्रोग्रामला तर नियमांपलीकडे काहीच शिकवलं नव्हतं. स्वतःशीच खेळून ते तयार झालं आणि स्टॉकफिश या नावाजलेल्या इंजिनाशी 100 डावांत 28 जिंकलं, 72 बरोबरीत सोडवले. हरलं एकही नाही.

त्याची निराशाही पोरकट समजू नका. 2016 मध्ये सोलमध्ये अल्फागो या प्रोग्रामकडून 4-1 असा हरलेला ली सेडॉल हा 'गो' या पटावरच्या खेळातला दिग्गज. 2019 मध्ये निवृत्त होताना त्यानं हेच कारण सांगितलं, की कितीही मेहनत केली तरी या यंत्राला हरवता येणार नाही.

पण पुढे काय झालं तेही त्याला दाखवा. 12 डिसेंबर 2024, सिंगापूर, विश्वविजेतेपदाचा चौदावा डाव. क्लासमधली पोरं एका फोनभोवती गोळा झाली होती. इंजिन बरोबरी दाखवत होतं. गुकेशसमोरच्या डिंग लिरेननं 55 व्या चालीला हत्ती एफ2 या घरात नेला, ती घोडचूक होती, आणि कोण पुढे आहे हे दाखवणारा इंजिनाचा आकडा धाडकन बदलला. इंजिनाला कळलं, आम्हाला कळलं, पण गुकेशच्या लक्षात आलंय का? त्याचा चेहरा बदलेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही. इंजिनांच्या आपापसातल्या स्पर्धाही चालूच असतात, त्यांचा खेळ कितीतरी अचूक असतो. त्या बघायचा हट्ट एकाही पोरानं माझ्याकडे धरलेला नाही.

आणि समजणं ही वेगळी गोष्ट आहे. पोरगं येऊन सांगतं, "सर, इंजिन म्हणतं घोडा मागे घ्या." मी विचारतो, का? गप्प. म्हणून आमच्याकडे आधी वहीत स्वतःचा विचार लिहायचा, मग इंजिन. माझ्या मते मुलांचं खरं नुकसान यंत्र जिंकल्यानं होत नाही, विचार करायच्या आधीच उत्तर हातात पडल्यानं होतं.

दावा_विभाग (ठाणे):
सर, तुमचं वाचून बरं वाटलं, पण पटलं नाही. गुकेशला बघायला लोक थांबतात. माझ्याकडे कोण थांबणार? मी विम्याच्या दाव्यांचं काम करते. हॉस्पिटलची बिलं, डिस्चार्ज कार्डं वाचून निदान आणि रकमा भरायला आमच्याकडे चौघी होत्या. आता कागद सॉफ्टवेअर वाचतं आणि मी एकटी तपासते. बाकीच्या तिघींचं काम गेलं. इथं आकडा बरोबर असला की झालं, तो कुणी भरला याचं कुणाला काय पडलंय?

उंटाची_तिरकी (सांगली):
ताई, तुमचं म्हणणं खोडत नाही. असं बुद्धिबळातही झालंय. एकेकाळी लोक पोस्टकार्डावर चाली कळवून महिनोन्‌महिने डाव खेळायचे. आज त्या प्रकारात इंजिन वापरायला आंतरराष्ट्रीय संघटनेचीच परवानगी आहे आणि वरच्या पातळीवर जवळजवळ सगळं बरोबरीत सुटतं. डाव रात्री तहकूब करून पुढची चाल पाकिटात बंद करायची पद्धत होती, तीही रात्रीत कुणी इंजिनाला विचारेल या धास्तीनं गेली. जिथं नुसतं बरोबर उत्तर हवं होतं, तिथून माणूस बाहेर पडला.

मात्र जिथं टिकला, तिथं आपोआप टिकलेला नाही. स्पर्धेत फोन आत नेता येत नाही, दारात मेटल डिटेक्टर असतो, बऱ्याच ठिकाणी थेट प्रक्षेपण मुद्दाम उशिरानं सोडतात. खेळणाऱ्यांनी, संघटनांनी भांडून हे नियम केले. माणसाची जागा राहणार की जाणार, हे यंत्र किती हुशार आहे यावर थोडंच ठरतं. ते आपण काय चालवून घेतो यावर ठरतं. बिलातले आकडे यंत्रानं भरावेत, माझी हरकत नाही. पण एखाद्याचा दावा नाकारायचा असेल तर कारण माणसानं लिहावं आणि खाली त्याची सही असावी, ही मागणी तुमच्यासारख्या आतल्या लोकांनीच रेटायला हवी.

दावा_विभाग (ठाणे):
नाकारलेल्या दाव्याचे फोन मलाच येतात आणि "सिस्टिमनं नाकारलं" एवढंच सांगायची सूचना आहे. सहीचा मुद्दा सोमवारच्या मीटिंगमध्ये मांडते.

गोदाकाठ (नाशिक):
सर, आज त्याच्यासोबत बसून चौदावा डाव बघतो. वहीत नक्की काय लिहायला सांगू? प्रत्येक चाल?

उंटाची_तिरकी (सांगली):
नको, कंटाळेल. डाव संपला की त्याच दिवशी, ज्या चालीला सगळ्यात जास्त वेळ लागला तिथं काय काय दिसत होतं ते चार ओळींत लिहू दे. इंजिन त्यानंतर लावा.