मदत हवी आहे: 'नानिवा'च्या आडव्या छेदात चिलखती डेक नेमका कुठे?

मंडळी, जपानच्या 'नानिवा' या संरक्षित क्रूझरच्या (चिलखती डेकची युद्धनौका; आर्मस्ट्राँग कंपनी, लो वॉकर यार्ड, जलावतरण १८८५) इंजिनखोलीपाशी कापलेल्या छेदाचं मॉडेल १:१०० मध्ये करतोय. रुंदी १४१ मिमी धरलीये. डेक जलरेषेखाली सपाट टाकला, तर इंजिनाचे सिलिंडर त्यातून वर येतात. बाजूला चिलखत किती जाडीचं दाखवू? जाणकारांनी सांगावं.

डोलकाठी: बाजूला चिलखत नाहीच, तिथे साधा पोलादी पत्रा. चिलखत फक्त डेकला: सपाट भाग ५१ मिमी, उतार ७६ मिमी. तुमच्या मापात अर्धा आणि पाऊण मिमी, दोन्ही जाडीचे स्टायरिन (प्लॅस्टिकचे) पत्रे मिळतात.

तुमचा डेक सपाट आहे, घोळ तिथेच आहे. मधला भाग जलरेषेच्या किंचित वर ठेवा आणि कडा उतरत्या करून जलरेषेखाली बाजूच्या पत्र्याला भिडवा. जलरेषेवर भोक पडलं तरी पाणी उताराच्या वरच्या पाचरीतच शिरतं, आणि ती पाचर कोळशाने भरलेली असते. बंकर (कोळशाची कोठारं) रिकामे दाखवाल तर निम्मं संरक्षण गेलं! आधीच्या, चिलीच्या 'एस्मेराल्डा' क्रूझरमध्ये अख्खा डेक पाण्याखाली होता. 'नानिवा'चा आराखडा करणाऱ्या विल्यम व्हाइटने तो इथे वर घेतला.

सिलिंडर वर येतात कारण तुम्ही इंजिन उभं धरलंय. इथे ते आडवं आहे, दोन सिलिंडरांचं कंपाउंड (वाफ दोन टप्प्यांत वापरणारं). डेकखाली मावावं म्हणूनच ते आडवं. उभी ट्रिपल एक्स्पान्शन (तीन टप्प्यांची) इंजिनं पुढच्या जहाजांत आली, तेव्हा सिलिंडरांभोवती डेकला चिलखती उंचवटा करावा लागला. इंजिनावरच्या झरोक्याला मात्र जाड पट्ट्यांची जाळी दाखवा, वरून तुकडे खाली पडू नयेत म्हणून ती असे.

शिडाचा_दोर: डेकच्या उताराच्या घडीसाठी पत्र्याच्या बाहेरच्या, म्हणजे वरच्या अंगाला निम्म्या जाडीपर्यंत पातं ओढा आणि चिरेपासून उलट दिशेला वाकवा. पातळ सॉल्व्हंट ब्रशच्या टोकानेच लावा. अर्ध्या मिमीच्या पत्र्यावर जास्त झालं की दुसऱ्या दिवशी लाटा उठतात. बंद पोकळीला आतून १ मिमीचं भोक हवंच, नाहीतर वाफ कोंडून पत्रा मऊ पडतो.
कोळशासाठी खरा कोळसा कुटून १ ते २ मिमीचे दाणे चाळा. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने बसवा.

धागाकर्ता: आभार! आता उतार पुन्हा कापतो. छेदात बाजूची १५ सेंमी तोफ येईल का?

डोलकाठी: कमरेच्या (जहाजाच्या मधल्या) भागात कापलात तर येईल. जर्मन क्रुप कंपनीची, ३५ कॅलिबरची (लांबी नळीच्या व्यासाच्या ३५ पट), म्हणजे तुमच्याकडे ५२ मिमी लांब. पण साल आधी ठरवा. २५ जुलै १८९४ला चिनी सैनिक नेणारं 'काउशिंग' जहाज बुडवणारं, तोगो कप्तान असतानाचं जहाज करत असाल तर क्रुपच. रशियाशी युद्ध (१९०४-०५) झालं तोवर तोफा बदलल्या होत्या, १५२ मिमीच्या जलद माऱ्याच्या आल्या होत्या.