डिग्री नाही, तरी काम चाललंय: अनुभव लिहा

बारावी झाली, आता कॉलेज नाही, असं भाच्याने जाहीर केलंय. ताई हवालदिल. बिल गेट्सचा दाखला नको. ते हार्वर्ड सोडून निघाले, आमचा गडी कॉलेजच्या दारापर्यंतही गेलेला नाही. पुण्यात पदवीशिवाय ज्यांचं बरं चाललंय त्यांनी लिहा. अडचणीसुद्धा.

जुना टर्नर
दहावी, औंध आयटीआय, मग भोसरीत अप्रेंटिस. सुरुवातीला नुसतं चिप्स (कापलेल्या धातूचा चुरा) झाडा, बर (कडेला राहिलेली धारदार कूस) काढा. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीन) आल्या तेव्हा मी मुद्दाम रात्रपाळी मागून घेतली. साहेब नसतात, सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, मोकळेपणी शिकवतो. फानुकवर (मशीनचा कंट्रोलर) 'एक्स१००' लिहून पुढचं टिंब राहिलं, की बऱ्याच मशीन ते शंभर मिलिमीटरऐवजी शंभर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग धरतात. असल्या गोष्टी मशीनसमोर उभं राहूनच अंगात मुरतात. आता जॉबवर्कची शेड आहे, दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीन), हप्तेही आहेत. इंजिनियर पोरं ड्रॉइंग माझ्यापेक्षा भराभर वाचतात, पण मायक्रोमीटरचं रॅचेट (ठरावीक दाबाला घसरणारी टोकाची खुंटी) सोडून थिंबलच (फिरवायची नळी) आवळतात. माप कमी दिसतं, जॉब पास होतो, आणि गिऱ्हाइकाकडून परत येतो.

चकलीवाली
बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं. सदाशिव पेठेत डबे देते. खाणारी सगळी पदवीधर, एमपीएससीवाली! "काकू, पुढच्या महिन्यात देतो" म्हणणारीही तीच. एफएसएसएआय (खाद्यपदार्थांसाठी) आणि उद्यम (छोट्या धंद्यासाठी) नोंदणीला कुणी मार्कशीट मागितली नाही. फराळाने नाव झालं, घर मात्र डब्यांवर चालतं.

सोल्डर
तापकीर गल्लीजवळ मोबाइल रिपेअरिंग. बोर्ड शॉर्ट असला की रोझिनचा (राळेचा) धूर देऊन पांढरा थर बसवायचा आणि सप्लाय सोडायचा. शॉर्ट पार्ट तापतो, म्हणून थर जिथे आधी वितळेल तो पार्ट चोर. हे वस्तादाने दाखवलं. क्लासवाल्याने फक्त फी घेतली.

हिंजवडीचा टेस्टर
सगळे गोड लिहितायत म्हणून थोडं कडू. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम मला येतं, टीमलाही माहीत आहे. पण कंपनी बदलायची म्हटलं की ऑनलाइन फॉर्ममधला पदवीचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ओळखीने आत शिरलो, तर पगाराच्या बोलणीत तेच काढतात. शेवटी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलंय, नोकरी सांभाळून. भाच्याला तलाठी किंवा पीएसआय व्हायचं मनात असेल, तर आत्ताच सांगा, तिथे पदवी लागतेच. आणि स्थळं बघतानाचे अनुभव हवे असतील तर वेगळा धागा काढा, इथे मावणार नाहीत.