दारू सोडली पण डोक्यातले विचार सोडत नाहीत, काय करू?

सातची_वेळ
नमस्कार. दारू बंद होऊन काही आठवडे झाले. हात थरथरणं, घाम वगैरे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार पडलं त्यामुळे शरीराची तक्रार नाही, पण डोक्याचं काय करायचं कळत नाहीये. संध्याकाळ झाली की जुनं सगळं वर यायला लागतं, बायकोला काय काय बोललो, मुलगी किती वेळा घाबरून आतल्या खोलीत गेली, आणि त्यातच एक विचार अगदी समजूतदारपणे सांगतो की एवढे दिवस राहिलास म्हणजे तुझा कंट्रोल आहे, एकच घे. परवा स्वप्नात प्यायलो. दचकून उठलो आणि तळहातावर श्वास सोडून वास येतोय का बघितला, मग परत झोपच नाही. बायकोला रोज किती सांगायचं, मित्र सगळे पिणारे. डॉक्टर म्हणतात दारू सोडणाऱ्यांच्या मिटिंगला जा, पण अनोळखी लोकांसमोर बोलायची लाज वाटते.

चालतोय_अजून
भाऊ, आधी ते स्वप्नाचं. सुरुवातीला हे खूप जणांना पडतं, मलाही पडायचं. दारूने स्वप्नांची झोप दबलेली असते, सोडल्यावर ती जोरात परत येते. तुम्ही प्यायलेला नाहीत, त्याचं गिल्ट घेऊ नका.
आता तो "एकच घे" वाला. त्याच्याशी वाद घालू नका, एकट्याने घातलात तर तोच जिंकतो कारण त्याला तुमचे सगळे वीक पॉइंट माहीत आहेत. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ कोणाशी तरी बोलत राहायचं. आधी बघायचं की भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, दमलोय का. माझं निम्मं तर नुसतं पोटात काही गेल्यावरच कमी व्हायचं.
आणि फोन. या मिटिंग घेणारी दारू सोडणाऱ्यांची संघटना आहे ना, अल्कोहोलिक्स अनॉनिमस, तिची सुरुवातच फोनने झाली. १९३५ मध्ये नुकतीच दारू सोडलेला बिल विल्सन अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात एका हॉटेलात होता, धंद्याचं काम फसलेलं, समोर बार. तो बारमध्ये न जाता चर्चच्या लोकांना फोन करत सुटला की मला दुसरा दारुडा भेटवा, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून डॉक्टर बॉब भेटले, तेही पिणारेच, आणि दोघांनी मिळून हे सुरू केलं. म्हणजे फोन करणारा समोरच्याला त्रास देत नसतो, समोरच्याचाही दिवस त्याने निघतो. रात्री कोणी मला उठवलं तर मी मनापासून सांगतो, मला बरंच वाटतं.
मिटिंगमध्ये बोलायची सक्ती नाही. मागे बसा, ऐका, फक्त पहिलं नाव सांगा, नाही सांगितलं तरी चालतं. निघताना दोन-तीन नंबर मात्र घ्या आणि बरं वाटत असतानाच एकदा फोन करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी बोट त्या नंबरवर जात नाही.

दाराशी_उभी
दादा, मी दुसऱ्या बाजूने सांगते, माझे मिस्टर यातून गेलेत. बायकोला सगळं सांगायची गरज नाही पण गप्प बसू नका. तुम्ही गप्प झालात की तिच्या मनात एकच येतं, आज प्यायला जाणार. आमच्यात तीनच शब्द ठरलेत, "आज जड आहे". एवढं म्हणाले की मी प्रश्न विचारत नाही, शेजारी बसते. आणि तिलाही कोणीतरी लागतं हो. घरच्यांसाठी अल-अॅनन आहे, १९५१ पासून, बिल विल्सनच्या बायकोनेच, लोइसने एका मैत्रिणीबरोबर सुरू केलं. मी तिथे पहिल्यांदा मनसोक्त रडले.

वॉर्डातली_ताई
मी व्यसनमुक्तीच्या वॉर्डात काम करते म्हणून थोडं. सोडल्यानंतरची उदासी बऱ्याच जणांची काही आठवड्यांत उतरते, नाही उतरली तर ते डिप्रेशन असू शकतं, त्याचे उपचार वेगळे, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जगायलाच नको असं मनात आलं तर थांबू नका, तेव्हाच घरच्यांना सांगा आणि इमर्जन्सीत जा. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांचीही सवय लागते. तलफ कमी करायला नॅलट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत, तुम्हाला चालतील का ते विचारा, ती घेणं म्हणजे कमकुवतपणा नाही. आणि इतर जे वाचत असतील त्यांच्यासाठी, रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, जिवावर बेततं.

सातची_वेळ
खूप आभार सगळ्यांचे. ताई, औषधाचं विचारतो. "आज जड आहे" हे बायकोला वाचून दाखवलं, ती लगेच हो म्हणाली. भाऊ, पहिल्यांदा ऑनलाइन मिटिंग केली तर चालेल का?

चालतोय_अजून
चालेल की. कॅमेरा बंद ठेवा हवा तर. नंबर मेसेजमध्ये टाकलाय, आजच एक मिस्ड कॉल द्या म्हणजे सेव्ह करून ठेवतो.