सागवानी पलंग, भुशाचे कपाट आणि न मिळालेले बिल

गावभागकर :
काल या चर्चा-मंचावर एका सदस्याने लिहिले की, "घरात सुतार बसवणे म्हणजे पैसे देऊन मनस्ताप विकत घेणे होय. सागवानाचा हट्ट हा मागच्या पिढीचा भाबडेपणा आहे. शहाण्याने तयार फर्निचर मागवावे आणि सात-आठ वर्षांनी काढून टाकावे." हे वाचून मला गप्प बसवले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूटही मागे टाकले, तेव्हा माझ्या घरात हे दोन्ही प्रकार एकाच खोलीत, एकाच पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर चिखल तुडवत आत गेलो, तर आईच्या लग्नातला सागवानी पलंग जागच्या जागी उभा होता. त्याच्या नक्षीतला गाळ आम्ही दात घासायच्या जुन्या ब्रशने काढला, पलंग महिनाभर सावलीत वाळवला आणि सैल पडलेल्या दोन सांध्यांत सुताराने पाचर ठोकून दिली. आजही मी त्याच पलंगावर झोपतो. शेजारचे, त्याआधी तीनच वर्षे तेवीस हजारांना घेतलेले तयार कपाट मात्र भिजलेल्या पावासारखे फुगले होते. बिजागरी ओढली तर स्क्रूसकट मूठभर ओला भुसा हातात आला. ते कपाट रस्त्यावरच्या ढिगाऱ्यावर टाकताना ज्याने पाहिले आहे, त्याने "काढून टाकावे" हे शब्द इतक्या सहज लिहू नयेत.

विश्रामबागचा भाडेकरू :
ते मीच लिहिले होते आणि मी ते मागे घेत नाही. आपल्या पुराबद्दल मला मनापासून वाईट वाटते, पण स्वतःचे घर असणाऱ्यांनी भाडेकरूला पलंगाचे धडे देऊ नयेत. माझा करार अकरा महिन्यांचा असतो. सहा वर्षांत मी चार घरे बदलली, आणि प्रत्येक वेळी टेम्पो, हमाल आणि जिन्याचे वळण यांचा हिशेब मला करावा लागला. आपला पलंग माझ्या जिन्यातून वर चढणारच नाही. सुताराचा अनुभवही मी घेतलेला आहे. त्याने चाळीस हजार रुपये आगाऊ घेतले, लग्नसराईत दोन महिने फोन उचलला नाही, आणि शेवटी जे कपाट दिले त्याचे दार पहिल्याच पावसाळ्यात असे पिळवटले की आजतागायत ते पूर्ण मिटत नाही. तेही सागवानच होते ना?

सुताराची लेक :
भाडेकरू साहेब, ते दार पिळवटले ते लाकूड ओले होते म्हणून, लाकूड सागवान होते म्हणून नव्हे. टिंबर एरियात, म्हणजे सांगलीच्या लाकूडबाजारात, आज जो साग मिळतो, त्यात आफ्रिकेतून येणारा, लागवडीतला, कमी वयाचा माल पुष्कळ असतो. त्यात काळसर गाभा कमी आणि बाहेरचे पांढरे लाकूड जास्त असते, आणि कीड आधी त्या पांढऱ्यालाच लागते. जुन्या वाड्यांचे मोडीत निघालेले वासे आणि आजचा ओला साग यांना एकाच नावाने ओळखायचे आणि दोघांचा भाव एकच धरायचा, तर फसगत होणारच. माझे वडील लाकूड वाळण्यासाठी मुदत मागत आणि गिऱ्हाईक म्हणे, "वास्तुशांत पुढच्या महिन्यात आहे."

गावभागकर दादा, आपल्यालाही एक सांगते. आपण ज्याला भुशाचे कपाट म्हणता, ते लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेले असते. पाणी लागले की तो गोंद सुटतो, हे खरे; पण कोरड्या खोलीत ते वर्षानुवर्षे सरळ राहते. त्याचा खरा दोष वेगळा आहे. एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा पूर्वीसारखा धरत नाही. म्हणजे जो माणूस दीड वर्षाला घर बदलतो, त्याच्याच ते सर्वांत कमी उपयोगाचे. चांगल्या प्लायचे, नटबोल्टने जोडलेले आणि सुटे करता येणारे कपाट सुतारही करून देतो, पण तसे कोणी मागतच नाही.

अजून एक बोलते, कारण हे वर्षानुवर्षे पाहिले आहे. दुकानात चिठ्ठीवर लिहिलेली किंमत लोक मुकाट्याने देतात आणि सुताराच्या मजुरीत मात्र फुटामागे दहा रुपयांसाठी तासभर घासाघीस करतात. काम संपल्यावर शेवटचे पाच हजार "पॉलिश जरा फिके वाटते" म्हणून अडवून ठेवतात. माझ्या भावाने रंधा हातात घेतला नाही, त्याचे कारण हेच आहे.

कराडची वाचक :
ताई, आपले म्हणणे पटले, पण मला साग आणि भुसा यांपेक्षा वेगळेच दुःख आहे. एका मोठ्या दालनातून मी सोफा घेतला. विक्रेत्याने तोंडाने "संपूर्ण सागवान" सांगितले. वर्षभराने सोफ्याच्या हाताशी टवका उडाला आणि आत पातळ पापुद्र्याखाली पांढरे, ठिसूळ लाकूड दिसले. मी तक्रार करायला गेले तेव्हा त्यांनी माझ्याच हातातली पावती मला वाचून दाखवली. तिच्यावर "सोफा, १ नग" एवढेच लिहिलेले होते आणि खाली छापले होते की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. पक्के बिल मागितल्यावर १८ टक्के जास्त पडतील असे ते आधी म्हणाले होते, म्हणून मीच कच्ची पावती घेतली होती. त्या दिवशी बसमधून घरी येईपर्यंत मी कोणाशी बोलले नाही.

वखारभाग :
आता मुख्य मुद्दा समोर आला. मी ग्राहकांच्या तक्रारींचे काम पाहतो, म्हणून नेमके लिहितो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. विकलेल्या मालाचे बिल किंवा पावती न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा मानलेली आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे हेही त्यातच मोडते. म्हणून ते छापील वाक्य वाचून परत फिरू नये. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. वस्तूचा दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. पण "संपूर्ण सागवान" हे शब्द कागदावर नसतील, तर विक्रेत्याने नेमके काय कबूल केले होते हे सिद्ध करताना दमछाक होते. प्लायचेही तेच आहे. सर्वसाधारण प्लाय आयएस ३०३ या भारतीय मानकाखाली येतो आणि पाण्याला टिकणारा मरीन प्लाय आयएस ७१० खाली; बिलात मात्र दोन्हींचे नाव "प्लाय" एवढेच असते.

विश्रामबागचा भाडेकरू :
मग गावभागकर साहेबांनी कृपया सांगावे की, पुरानंतर त्यांनी सुताराकडून जे जे करून घेतले, त्याचे बिल त्यांच्याकडे आहे का? मला माझ्या तयार कपाटाचे छापील बिल मिळाले, एक वर्षाची हमी मिळाली, आणि फुटलेला कप्पा सहा फोन करून का होईना बदलून मिळाला.

गावभागकर :
बिल नाही. त्या सुताराला मी तीस वर्षे ओळखतो. त्याच्याकडे बिल मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे होय. प्रत्येक संबंध कागदावर मोजणाऱ्या माणसाला हे समजणार नाही.

विश्रामबागचा भाडेकरू :
ही भाषा मला मान्य नाही. आपल्याला तीस वर्षे ओळखणारा सुतार आहे, हे आपले भाग्य. मी नोकरीसाठी सोलापूरहून सांगलीत आलो. मला येथे कोण ओळखतो? माझे चाळीस हजार अडकले तेव्हा माझ्या हातात एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. ओळख नसलेल्या माणसाने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

कराडची वाचक :
गावभागकर दादा, ते बरोबर बोलत आहेत. विश्वासावर मीही सोफा घेतला होता.

सुताराची लेक :
बिल मागितले म्हणून माझ्या वडिलांना कधी अपमान वाटला नसता. "बिल म्हणजे १८ टक्के जास्त" ही भीती सुतारांच्या डोक्यात दुकानदारांनीच घातली आहे. वर्षाचा व्यवहार नोंदणीच्या मर्यादेत असलेल्या सुताराला जीएसटी लावताच येत नाही; त्याने साध्या कागदावर तारीख, लाकूड, माप आणि रक्कम लिहून सही केली तरी ती पावतीच झाली. असा कागद वडिलांना कोणी मागितला नाही आणि कोणी लिहूनही दिला नाही, म्हणून त्यांची बाकीही बुडाली.

गावभागकर :
दोन दिवस काही लिहिले नाही. भाडेकरू साहेबांचा चाळीस हजारांचा प्रश्न मला टोचला, हे मान्य करतो. लाकडाबद्दलचे माझे मत मात्र तेच आहे. मुलीसाठी टेबल करायचे होते म्हणून आज सकाळी त्या सुताराकडे गेलो आणि सगळे लिहून मागितले. त्याला राग येईल असे मला वाटले होते. त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि मापाच्या वहीचे पान फाडून लिहिले : "जुना साग, पाय अडीच इंच, वर १९ एमएम मरीन प्लाय, कडेला सागवानी पट्टी, आगाऊ सहा हजार." खाली सही केली. मग पान माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "आता बाकीचे नऊ हजार कधी देणार, ते तुम्ही लिहा."

सुताराची लेक :
लिहिले का?

गावभागकर :
लिहिले. टेबल घरी पोहोचेल त्याच दिवशी.