फोटोची चौकट: तुम्हाला कधी, कशी उमगली?

माळा आवरताना अल्बम सापडला. महाबळेश्वर, १९९१. आई कठड्याला टेकून उभी आणि कपाळाच्या वर फोटोच संपलेला! काढणारा मी, वय नऊ. बाबांचा याशिका एमएफ-२. मी रडकुंडीला आलो तर बाबा म्हणाले, "डोकं तू नाही, कॅमेऱ्याने कापलं." बघायची खिडकी वर, भिंग खाली. माणूस जवळ असला की खिडकीत दिसणारं डोकं भिंगाला दिसतच नाही. ३६चा रोल गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचा, म्हणून त्यांनी सवय लावली: बटण दाबायच्या आधी चारही कोपरे बघ. फोन आल्यावर ती सवय मोडलीच. तुमचं काय? लिहा.

निवांत: आमच्याकडे आग्फा क्लिक थ्री. रोलवर १२च फोटो, तेही चौकोनी, त्यामुळे आडवा की उभा ही कटकटच नाही. काका सगळ्यांना मधोमध उभं करायचे. अख्खं लग्न पासपोर्ट साइज.

घाटवाट: दिवे घाट. पहिल्या वर्षी सगळे उभे राहतात तिथेच, वरच्या वळणावर उभी राहिले. घरी येऊन बघते तर वारी कुठली, मुंग्यांची रांग! पुढच्या वर्षी खाली रस्त्याच्या कडेला उकिडवी बसले. डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी आल्या, मागे नुसतं ढगाळ आभाळ. तुळशीचं पान न् पान सुटं दिसतंय. उभ्याने काढला असता तर मागचा पाण्याचा टँकर आला असता. चाळीसेक काढले, ठेवला एक. गुडघे दोन दिवस दुखत होते.

चकली: गुडघ्यांचा वेगळा धागा काढा, गर्दी होईल 😄

रानवाटा: कासला बसायचीही गरज नाही. फोन उलटा धरायचा, कॅमेरा जमिनीलगत येतो. फुलं आभाळाला टेकतात. फक्त पायवाट सोडू नका हो, फोटोपायी तुडवणारे बघून जीव जळतो.

सदाफुली: माझ्या साखरपुड्याच्या फोटोत नवऱ्याच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय. पैसे देऊन काढलेला फोटो! एक पाऊल डावीकडे सरकला असता तो माणूस तर काय बिघडलं असतं? आता मी आधी डोक्यामागे बघते, मग चेहऱ्याकडे.

चकली: आमच्या हिच्या डोक्यावर नारळाचं झाड. शोभतंय पण.

आडवातिडवा: कुणीतरी सांगितलं म्हणून फोनच्या कॅमेऱ्यातली ग्रिड (पडद्यावरच्या उभ्या-आडव्या रेघा) चालू केली आणि वर्षभर दिसेल त्याला डाव्या रेघेवर ढकललं. लेक डावीकडे बघतेय, नाक चौकटीला चिकटलंय, उजवीकडे अर्धी भिंत रिकामी. बायको म्हणाली, "भिंतीचा फोटो छान आलाय." नजर जिकडे, जागा तिकडे सोडायची, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

निवांत: विषय सोडून: अल्बम चिकट पानांचा असेल तर फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा दोरा मागून हळूहळू सरकवा.

धागा माझाच: थँक्स, एक कोपरा आधीच फाडला होता 🙈 आईला फोटो दाखवला. म्हणे, "डोकं नाही तेच बरं, त्या दिवशी गजरा राहिला होता."

रानवाटा: याशिका चालतो का अजून?

धागा माझाच: सेल आतच राहिले होते, फुटलेत. पांढरं-हिरवं काहीतरी जमलंय.

सदाफुली: अल्कलाइन असतील तर व्हिनेगरमध्ये बुडवलेली कानातली काडी फिरवा, हलक्या हाताने. थांबा, दूध उतू गेलं